कुळाप्रमाणे झाडं मांडलेली नर्सरी, सोलापूरच्या बागवाल्यांनी एकदा तरी जाऊन बघावी अशी

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं लिहिलंय, पण आधी ही नर्सरी मला एवढी का आवडली ते जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या गावात कुंड्यांची बाग करायची म्हणजे ऊन, बोअरचं जड पाणी आणि काळी माती या तिन्हीशी रोजची झटापट असते आणि त्यात ही नर्सरी खरंच उपयोगाला येते.

सोलापुरात नर्सऱ्यांना तोटा नाही. विजापूर रोड, होटगी रोड, पुणे नाका, कुठंही जावा, रस्त्याकडेला हिरवी जाळी ताणलेली दिसतेच. मांडणी पण सगळीकडं सारखीच, पुढं फुललेला गुलाब, शेवंती, मागं आंबा-चिकूची कलमं, जाळीखाली इनडोअर. फुल बघायचं, आवडलं की उचलायचं, घरी आणायचं आणि महिन्याभरात पानं गळायला लागली की कुणाला तरी फोटो पाठवून विचारायचं काय झालंय ते. इथं असं नाही. इथं फुलझाडांचे वाफे कुळाप्रमाणे आहेत, म्हणजे जास्वंद जिथं आहे तिथंच शेजारी हॉलीहॉक आणि चक्क भेंडी लावलीय, सदाफुलीच्या रांगेत कण्हेर, तगर, अडेनियम, चाफा. प्रत्येक रांगेच्या तोंडाला एक पाटी, वर मराठीत कुळाचं नाव, खाली शास्त्रीय नाव देवनागरीत, आणि त्याखाली चारच ओळी: पाणी किती, ऊन किती, कीड कुठली येते, रोप फांदीपासून होतं की बियांपासून. शास्त्रीय नाव बघून घाबरायचं कारण नाही, शेवटी ‘एसी’ आलं की ते कुळ एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. मालव्हेसी, ओलिएसी, रुबिएसी असं.

आता कुणी म्हणेल कुळाचं काय करायचंय, झाड जगलं म्हणजे झालं. पण तेच तर आहे, एका कुळातल्या झाडांच्या सवयी पुष्कळदा जुळतात. सगळ्याच नाही, पण बऱ्याच. घरी एक झाड नीट सांभाळता येत असेल तर त्याच्या नात्यातलं दुसरं कसं वागेल याचा अंदाज पैसे द्यायच्या आधी येतो.

जास्वंदीचंच घ्या. आपल्याकडं गणपतीला लागते म्हणून प्रत्येक दारात एक जास्वंद आणि प्रत्येक जास्वंदीवर तो पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण. नर्सरीच्या मालकांची मुलगी तिथं असते, वनस्पतीशास्त्र शिकतीय, तिनं एक लाल एकेरी जास्वंद काढून माझ्या हातावर ठेवली आणि नखानं देठाकडून सोलत गेली. खाली हिरवा पेला, त्या पेल्याच्या पण खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचा अजून एक पेला, मग पाच पाकळ्या, आणि मधली ती लांब दांडी. आपण त्या दांडीला नुसतं तुरा म्हणतो, पण ती पुंकेसरांची एकत्र जुळून झालेली नळी आहे, त्या नळीच्या आतनं स्त्रीकेसर जातो आणि वर टोकाला पाच लाल मखमली ठिपके काढतो. मग तिनं शेजारच्या भेंडीचं पिवळं फुल तोडलं आणि तसंच सोललं. तीच नळी, फक्त आखूड! पुढच्या वाफ्यात एक कपाशीचं झाड होतं, नुसतं लोकांना दाखवायला ठेवलेलं, त्याच्या फुलात पण तेच. ‘काकू, म्हणून कपाशीवरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर पण येतो, तुमच्या गच्चीवर भेंडी असेल तर ती जास्वंदीला चिकटून नका ठेवू,’ असं ती म्हणाली. एवढं साधं आहे, पण आजवर कुठल्याच दुकानदारानं सांगितलं नव्हतं, सगळे औषधाची बाटली पुढं करतात. डबल जास्वंदीत तो तुरा नीट का दिसत नाही तेही तिथंच कळलं, तिथं पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. गोरखचिंच आणि काटेसावर पण आता याच कुळात धरतात, पूर्वी त्यांचं वेगळं होतं.

नंतर सदाफुली-कण्हेरीची रांग, अ‍ॅपोसायनेसी. सोलापूरच्या एप्रिल-मेसाठी कुणी मला एकच कुळ निवडायला सांगितलं तर मी हेच सांगेन. पारा 43-44 वर गेलेला असताना बाकी सगळं मान टाकतं आणि कण्हेर रस्त्याच्या डिव्हायडरवर धुरात, धुळीत फुललेली असते. अडेनियम तर मूळचं आफ्रिका-अरबस्तानातल्या कोरड्या भागातलं, बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, त्याला आपलं ऊन म्हणजे घरचंच. सदाफुली मादागास्करची, तिच्यापासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं काढतात, लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिनक्रिस्टीन आजही वापरतात. पण या रांगेची पाटी मला आवडली ती दुसऱ्या कारणानं. पाटीवर लाल अक्षरात लिहिलंय की या कुळातल्या बऱ्याच झाडांचा चीक विषारी असतो, कण्हेर आणि पिवळी बिट्टी तर फार, बिया-पानं पोटात गेली तर जीवावर बेततं, घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर विचार करून घ्या. दुकानदारानं आपल्याच मालावर असं लिहायला धाडस लागतं. माझ्यासमोर एका जोडप्याला, कडेवर वर्षाचं पोर होतं, मालकांनी बिट्टीची कुंडी हातातनं काढून घेतली आणि म्हणाले, ‘ही नको ओ ताई, बाळ मोठं झालं की या, तवर हे एक्झोरा घेऊन जावा.’ गिऱ्हाईक तुटेल याची भीती नाही.

याच कुळात पाण्याचा एक नियम जवळपास सगळ्यांना लागू पडतो, कमी चालेल पण साचलेलं चालणार नाही. सदाफुली पावसाळ्यात बुडाशी काळी पडून मरते, अडेनियमचा बुंधा मऊ होतो, चाफ्याची फांदी ओली असतानाच मातीत खोचली की कुजते. चाफ्याची फांदी तोडल्यावर चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवायची आणि मग लावायची, हे पाटीवर आहे आणि नर्सरीतल्या मावशी पण सांगतात.

चाफ्यावरून आठवलं. ‘चाफा द्या’ म्हणून इथं गेलात तर उलट प्रश्न येतो कुठला, आणि तो प्रश्न विचारणं बरोबरच आहे. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, उन्हाळ्यात आठवड्यातनं एक-दोनदा पाणी दिलं तरी भागतं. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, त्याला ओल हवी, कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा जळतात. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, वेलीसारखा झेपावतो, त्याला आधार लागतो, आणि फुल पिकल्यासारखं पिवळं झालं की वास येतो. भुईचाफा तर आलं-हळदीच्या घरातला, थंडीत वरचं सगळं वाळून जातं, मेला म्हणून कुंडी रिकामी करायची नाही, खाली कंद जिवंत असतो. चारही झाडं इथं चार वेगळ्या वाफ्यांत आहेत आणि ज्याला हवंय त्याला त्या त्या वाफ्यापर्यंत नेऊन दाखवतात. माझ्या ओळखीत बार्शीकडं सीताफळाची बाग असलेले एक काका आहेत, त्यांना हिरव्या चाफ्याचं फळ दाखवलं तर ते लगेच म्हणाले हे तर आपल्याच जातीतलं दिसतंय. एका देठाला फळांचा घोस होता, आणि एकाच फुलापासून ही अशी सुटी सुटी फळं धरतात. सीताफळात हीच जुळून एक होतात.

मोगऱ्याची रांग संध्याकाळी बघावी. ओलिएसी, म्हणजे ऑलिव्हचं कुळ. मोगरा, जाई, जुई, कुंद सगळे सख्खे, आणि पारिजातक चुलत. ओळखायची खूण सोपी आहे, एकेरी फुल उभं चिरलं की आत फक्त दोन पुंकेसर. पारिजातकात पण दोनच. मोगरा आपल्याकडं झकास येतो, त्याला पूर्ण ऊन हवं आणि ते आपल्याकडं उदंड आहे. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करून पानं उतरवायची, पाणी थोडे दिवस तोडायचं, मग शेणखत देऊन पाणी सुरू केलं की मार्च-एप्रिलपासून कळ्या. इथले मोगरे छाटलेले असतात म्हणून रोप बुटकं दिसतं, लोक नाक मुरडतात आणि लांब फांदीवालं मागतात. नका मागू, छाटलेलंच घ्या, नव्या फुटीलाच कळ्या येतात. बेला, बट मोगरा, हजारी असे वेगवेगळे आहेत, भाव साधारण 60 ते 120 पर्यंत.

रातराणी या रांगेत नाही. ती वांगी-टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात आहे, पिटुनिया आणि धोतऱ्याशेजारी. वासानं ती मोगऱ्याची बहीण वाटते, पण तिच्या नळीसारख्या फुलात पाच पुंकेसर असतात आणि पांढरी माशी तिच्यावर मिरचीवर येते तशीच येते. मिरची करणाऱ्याला हे ऐकल्याबरोबर पटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे निदान सोलापूरकरांसाठी. रुबिएसी, कॉफीचं कुळ. एक्झोरा, अनंत, पेंटास, मुसांडा. पुण्या-कोकणात ही झाडं बघून माणूस हरखतो आणि इथं आणून लावतो, आणि मग दोन-तीन महिन्यांत नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या काळ्या पडून गळतात. अनंताची तर ही कहाणी आपल्या गावात घरोघरी आहे. पाणी कमी पडलं म्हणून लोक अजून पाणी घालतात, खत घालतात, आणि झाड अजून खचतं. कारण मातीत आहे. आपली काळी माती चुनखडीची, पीएच (मातीचा आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली म्हणजे आंबट) आठच्या आसपास किंवा वर, त्यात बोअरचं पाणी पण क्षाराचं. एक्झोरा-अनंताला आंबट माती लागते. पीएच चढला की मातीत लोह असूनही मुळाला ते उचलता येत नाही, आणि लोह नाही म्हणजे नव्या पानात हरितद्रव्य नाही. म्हणून पिवळेपणा आधी कोवळ्या पानांवर दिसतो, नत्र कमी पडलं तर तो जुन्या पानांवर दिसतो, हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं निदान घरच्या घरी होतं.

या नर्सरीत या कुळासाठी वेगळं मिश्रण भरून देतात, लाल माती, कोकोपीट, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, काळी माती अजिबात नाही. आणि लोहाची पुडी देताना विचारून देतात. बाजारात चिलेटेड लोह (मुळाला उचलता यावं म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं) दोन प्रकारचं सर्रास मिळतं, ईडीटीए आणि ईडीडीएचए. पहिलं स्वस्त, पण आपल्यासारख्या जास्त पीएचच्या मातीत ते टिकत नाही, लोह सुटून परत मातीत अडकतं, ते फवारणीला ठीक. मातीतनं द्यायचं तर दुसरं, लालसर रंगाचं, महाग आहे पण काम करतं. हे मला इथल्या मालकांनी कागदावर लिहून दिलं, आणि वर सांगितलं की पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा आणि ते फक्त याच कुंड्यांना घाला. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, बोअरवरच सगळं चालतं, त्यामुळं ही गोष्ट लाखमोलाची आहे. माझा अनंत आता तजेलदार हिरवा आहे, यंदा कळ्या टिकल्या. ज्यांना एवढं सगळं करायचं नाही त्यांना ते स्पष्ट सांगतात की अनंत घेऊ नका, तगर घ्या, ती पण पांढरी आणि निगा कमी.

डाळिंबाच्या वाफ्याजवळ मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. आपला जिल्हा डाळिंबाचा, केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मानांकन आहे, पण डाळिंबाकडं फुलझाड म्हणून कोण बघतं? इथं त्याच्या एका बाजूला मेंदी आणि दुसऱ्या बाजूला तामण ठेवलाय, महाराष्ट्राचं राज्यफूल. हे तिन्ही एका कुळातले. तोवर मला हे माहीत नव्हतं आणि बघितल्याशिवाय पटलंही नसतं. तामणाची जांभळी पाकळी, डाळिंबाची शेंदरी पाकळी आणि मेंदीची ती तिळाएवढी पाकळी, तिन्ही हातात घेऊन बघा, तिन्हींना सुरकुत्या आहेत, जाड डब्यात कोंबून ठेवलेलं रेशमी कापड बाहेर काढल्यावर दिसतं तशा. कळीत पाकळ्या चुरगळूनच बसलेल्या असतात आणि उमलल्यावरही त्या पूर्ण सपाट होत नाहीत. मला तर त्या दिवसापासून रस्त्यानं जाताना झाडांच्या पाकळ्या बघायची सवयच लागलीय.

फक्त या वाफ्यावरची पाटी चुकीची आहे आणि ते मी त्यांना सांगितलं सुद्धा. डाळिंबासमोर अजून प्युनिकेसी लिहिलंय. ते जुनं झालं. डीएनएच्या अभ्यासावरून फुलझाडांची कुळं नव्यानं लावली, त्याची पहिली यादी 1998 ला आली आणि चौथी 2016 ला, त्यात डाळिंब मेंदीच्या कुळात, लिथ्रेसीत आहे. झाड बरोबर वाफ्यात ठेवलंय पण पाटी जुन्या पुस्तकातली. तसंच रुईचं. रुई कण्हेरीच्या रांगेत ठेवलीय हे बरोबर, पण पाटीवर अ‍ॅस्क्लेपिएडेसी. पारिजातकाच्या पाटीवर घाणेरीचं कुळ लिहिलंय, त्याच्या चौकोनी फांदीमुळं पूर्वी त्याला तिकडं टाकायचे, आता तो मोगऱ्यातच. शाळेची मुलं इथं सहलीला येतात, वहीत उतरवून घेतात, म्हणून या पाट्या बदलणं फार गरजेचं आहे. मालक म्हणाले पावसाळ्याच्या आत नव्या रंगवतो. रंगवाव्यात, मी परत जाऊन बघणार आहे.

बोगनवेल, गुलबक्षी एका रांगेत. बोगनवेलीचं गुलाबी ते फुल नव्हे, आतली काडीएवढी पांढरट नळी ती फुल, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण गुलबक्षीचा रंगीत भाग पण पाकळी नव्हे तर निदलपुंज (एरवी पाकळ्यांखाली हिरवा पेला असतो तो), म्हणजे या कुळात खऱ्या पाकळ्याच नाहीत, हे नवीन होतं. बोगनवेल पाण्याला जरा तरसवली की फुलते, जास्त लाड केले की नुसती पानं. सोलापूरसाठी डोळे झाकून घ्या, 80 पासून आहेत, रंग भरपूर. ‘ऑफिस टाईम’ नावाचं फुलझाड पण घ्या, ते आपल्या घोळीच्या भाजीचं भावंड, उन्हाशिवाय उमलतच नाही.

अबोलीच्या वाफ्यातली गंमत मुलांना मुद्दाम दाखवा. अ‍ॅकॅन्थेसी, अडुळसा आणि कोरांटीचं कुळ. आपल्याकडं गजऱ्यात अबोली नसेल तर गजरा पुरा वाटत नाही, लग्नसराईत तर बाजारात अबोलीचा भाव विचारायची सोय नसते. मावशी तेलुगू आहेत, आमच्याशी मराठीत बोलतात, झाडांशी तेलुगूत. त्यांनी अबोलीचं वाळलेलं कणीस काढलं, त्यातलं गव्हाएवढं एक तपकिरी बोंड वाटीत टाकलं, वर पाण्याचे दोन थेंब, आणि म्हणाल्या ‘बघत राव्हा’. थोडा वेळ काहीच नाही. मग टक्‌ करून बोंड उभं फुटलं आणि बिया वाटीच्या बाहेर, एक तर थेट माझ्या चष्म्यावर. पाणी लागलं की टरफल दोन बाजूंनी ताणतं आणि आत बीच्या देठाशी एक बारीक आकडा असतो तो बी भिरकावतो. कोरांटीचं पण असंच. पहिल्या पावसातच बी पडावं अशी सोय, कोरड्या मुलखात बी टाकायला दुसरी चांगली वेळ कुठली. आणि म्हणूनच अबोलीला पावसाळ्यात आजूबाजूच्या कुंड्यांमध्ये आपोआप रोपं उगवलेली दिसतात, ती उपटून टाकू नका.

झेंडू, शेवंती, झिनिया, सूर्यफूल यांच्याबद्दल कमी लिहिते कारण ती सगळीकडं मिळतात आणि इथं वेगळी काही नाहीत. एवढंच सांगते की या कुळात आपण ज्याला एक फुल म्हणतो तो शेकडो फुलांचा मेळा असतो, आपली रब्बीची करडई पण यातलीच, आणि झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यानं मातीतली सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) कमी होते म्हणून वांगी-टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावणारे शेतकरी उगाच लावत नाहीत. पितृपक्षाच्या शेवटी मात्र या बाजूला गेलात तर कोंबडा आणि कुरडूच्या वाफ्यापुढं बायकांची गर्दी दिसेल, बतुकम्मा या फुलांच्या सणासाठी. पूर्वभागातल्या तेलुगू घरांतनं लोक येतात, कुरडू, झेंडू आणि तरवडाची पिवळी फुलं एवढं हवंच असतं. तरवड आपल्या माळरानावर फुकट उगवतो, त्याचं रोप विकायला ठेवलेली नर्सरी मी ही एकच बघितली, शेंगवाल्या कुळात, बहावा आणि शंकासुराच्या शेजारी. ज्यांना पाणी न घालता कुंपण हवंय त्यांनी तरवडच न्यावा.

आता कापलेला अर्धा स्टार. गुलाब. इथले गुलाब बाहेरून येतात, चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात, आणि त्या गोळ्यातनं पाणी आत मुरतच नाही, वरनं वाहून जातं. एक गुलाब माझ्याकडं तसाच गेला, आणि शेजारच्या काकूंचा पण. मालकांना सांगितल्यावर दुसरा दिला, पैसे घेतले नाहीत, पण आधीच रोप उतरवून मोकळ्या मातीत लावून काही आठवडे इथल्या हवेत ठेवून मग विकायला हवं, बाकीच्या झाडांना करतात तसं. कलमाच्या सांध्याखालनं फुटलेले जंगली फुटवे पण काढलेले नसतात, घेताना बघून घ्या, सांध्याखाली हिरवा जोमदार फुटवा दिसला की तो खुंटाचा, त्याला तुमच्या रंगाचं फुल येणार नाही.

दुसरी तक्रार पाट्यांबद्दल. रांगेच्या तोंडाला पाटी आहे पण प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी नाही. गिऱ्हाईक कुंडी उचलून बघतं आणि दुसऱ्याच रांगेत ठेवून जातं, मग तगर मोगऱ्यात आणि कुंती मोगऱ्यात. पांढरी फुलं सगळी, नवीन माणूस फसतो. कुंतीचं पान चुरगळून वास घेतला तर लिंबाच्या कुळातली आहे हे कळतं, बेल आणि कढीपत्त्यासारखी पानात तेलाचे ठिपके असतात, उजेडात धरलं की दिसतात. पण प्रत्येकानं पान चुरगळत बसावं का? एक चिठ्ठी बांधायला काय जातंय. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी असेल तर बाहेर रस्त्यावरच.

भाव इतर नर्सऱ्यांपेक्षा दहा-वीस रुपयांनी जास्त आहेत. मला ते जास्त वाटत नाहीत. तिथं जी माहिती मिळते आणि ‘हे तुमच्याकडं येणार नाही’ असं तोंडावर सांगतात त्यानं मरणाऱ्या रोपांचे पैसे वाचतात. घासाघीस मात्र करू नका, दर ठरलेले आहेत. फोन पे चालतं. मिश्रण भरून कुंडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरपोच देतात पण दहा-बारा कुंड्यांच्या वर असेल तरच, जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या भागात.

सकाळी साडेसात-आठला जा. दुपारी एक ते चार बंद असतं आणि उन्हाळ्यात ते योग्यच आहे. मोठी खरेदी जूनच्या पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर करा, मे महिन्यात कितीही मोह झाला तरी नवीन रोप गच्चीवर नेऊ नका, नेलंच तर पंधरा दिवस हिरव्या जाळीखाली ठेवून हळूहळू उन्हात आणा. पावसाळ्यात गेलात तर रुईच्या झाडापाशी थांबून पानाखाली बघा, तिथं काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, त्या मालक मारू देत नाहीत, त्यांची फुलपाखरं होतात. आणि काळ्या मातीचं, अनंताचं काही विचारायचं असेल तर रविवार टाळा, त्या दिवशी कुणाला बोलायला सवड नसते.